प्रश्न एकतिसावा

जून. व्यायामशाळेच्या पत्र्यावर दहिवर,
बास्केटबॉलच्या रेघांवर बाकांच्या सहा रांगा.
छातीवर बिल्ला: नोरीन, पर्यवेक्षक.
सव्वीस वर्षं मी मरे नदीच्या बंधाऱ्यावर
दारं उचलली, दारं उतरवली.
आता वर्षातले चार दिवस
डोळ्यांत तेल घालून पोरांच्या हातांकडे बघते.

ही चाचणी कुणाच्या खिजगणतीत नाही.
अकरावी-बारावीच्या सगळ्यांना सक्तीची,
गुण मात्र कुठल्याच बेरजेत धरत नाहीत.
कुणी ऐन परीक्षेत आजारी पडलं,
कुणाचे आकडे जुळेनासे झाले,
तर म्हणे हिचा कागद काढून बघतात.
"हिचा अभ्यास नसतो," डेलाहंटी सर सांगतात,
"तुम्हाला जे येतं, तेच विचारतील."
"आणि जे येतं ते विचारलंच नाही तर?"
मागून थुई.
रांग हसली. मीही, बिल्ल्याआड.

बाटल्यांवरची लेबलं सोललेली,
घड्याळं उतरवून बाकावर ठेवलेली.
मी ठरलेलं वाक्य वाचते,
त्रेचाळीस पुस्तिका एकदम उघडतात.
पहिलं दार जेमतेम हातभर उचललं
की खालून जो आवाज यायचा,
तसाच.

तिसऱ्या रांगेत शेवटी सिओसिफा.
बोटांवर छाटणीचे ओरखडे, नखांत वेलीची साल.
शनिवारी, रविवारी चर्चनंतरही,
मामाबरोबर द्राक्षांच्या ओळीत असतो:
दोन डोळे राखायचे, बाकी काडी कापायची.
कुठला डोळा फुटेल, कुठला आंधळा,
हे त्याला अंगठ्यानं कळतं.
त्यावर प्रश्न नाही.

एकतिसाव्यावर तो थांबला.
आलेख आहे. एका नदीची पातळी, बारा महिने.
जुलैत रेघ खाली येते.
का?
पाऊस कमी. बाष्पीभवन. शेतीचा उपसा. वरील सर्व.

मी त्याच्या खांद्यामागे, नियमाइतक्या अंतरावर.
नदी अशी उतरत नाही.
नदी ओसरते, रेंगाळते, दोन पावलं मागे येते.
ही तर पायरी आहे,
आणि पायरी माणूस करतो.
कुणीतरी रात्री दारं उचलली होती.

हात वर.
"मिस, यात उत्तरच नाहीये."

प्रश्नाबद्दल मला बोलता येत नाही.
तुला योग्य वाटेल तो पर्याय निवड.
हेही ठरलेलंच वाक्य, छापील.
घशाला कोरड पडली म्हणताना.

एका जुलैत दुरुस्तीसाठी पाणी उतरवलं होतं.
मध्यरात्र, हातमोज्यांतही बोटं बधिर.
सकाळी होड्या चिखलात कललेल्या,
उघड्या पडलेल्या शिंपल्यांचा वास गावभर,
आणि काठावर टोंगन पोरं बादल्या घेऊन
जिवंत शिंपले वेचून खोल पाण्यात टाकत होती.
पाच-सहा वर्षांची असतील.
ही रेघ माझ्या हातची असेल. नसेलही.
नदीचं नाव छापलेलं नाही.

तीन वाजता पुस्तिका गोळा केल्या, मोजल्या, पुन्हा मोजल्या.
त्याच्या उत्तरपत्रिकेत एकतिसासमोर
चारही गोल कोरे.
शेजारी पेन्सिलीनं काढलेला पाचवा,
गच्च काळा, कागद फाटेल इतका.
यंत्राला तो दिसणार नाही.
खोडायचा अधिकार मला नाही,
आणि खोडलाही नसता.
पाकीट बंद केलं, सही केली.

फाटकाशी तो उभा.
"मिस, तुम्ही बंधाऱ्यावर होता ना?"
आता बोलायला बंदी नव्हती.
"होते."
"दारं आतून उघडतात की वरून?"
"वरून. क्रेननं. एकेक करून."
त्यानं मान हलवली,
इतका वेळ अडलेलं काहीतरी बसलं जागेवर.
आणखी विचारणार होता बहुतेक,
पण मामाच्या गाडीचा हॉर्न वाजला.
उजेड अजून दोन तास होता,
आणि छाटायच्या चार ओळी.